ओस्टरहाम्नचे आत्तासाहेब

ग्लेब अर्काद्येविचला कपडे धुवायची भारी हौस आहे, असं इमारतीतल्या सगळ्यांचं मत होतं. तळघरातल्या धुलाईघराच्या दारावर पाळ्यांचा फळा होता, त्यावर आठवड्यातून तीनदा तरी त्याचं नाव असायचंच. घरात माणसं दोन, मग एवढं धुणं कसलं? वरच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा त्याच्या बायकोला, ताइसियाला, जिन्यात गाठून विचारलंसुद्धा, "अगं, तुझा नवरा संगीत शिकवतो की कोळशाच्या खाणीत जातो?"

ताइसिया नुसती हसली. ग्लेब तिथे यंत्र रिकामंच फिरवायचा आणि त्याच्या घरघरीआड चेलो वाजवायचा. घराच्या भिंती पातळ होत्या, तळघराच्या जाड. ओल होती, पण सूर छान घुमायचा. वाजवून झालं की येरझाऱ्या घालायला मोकळी फरशीही होती. येरझाऱ्या तर त्याच्या आधी जन्मल्या असाव्यात. जेवताना उठायचा, पत्र लिहिताना उठायचा, केस कापून घेताना न्हाव्याच्या हाताखालून उठायचा. चेलो हे एकच काम तो बसून करी.

तो चेलोही त्याचा नव्हता, शाळेकडून मागून आणलेला होता. त्याचा स्वतःचा, गुरूंनी दिलेला जुना चेलो देश सोडताना सरहद्दीवर ठेवून घेतला होता. जुनं वाद्य ही देशाची ठेव, ती बाहेर जाणार नाही, म्हणाले. माणूस खुशाल जाऊ दे. "म्हणजे आम्हा दोघांत मौल्यवान कोण, हे एकदाचं ठरलं," व्हिएन्नाच्या गाडीत तो बायकोला म्हणाला होता. तेव्हा दोघं हसली होती. मग रात्रभर तो डब्याच्या बोळात चालत राहिला.

तो व्होल्गाकाठच्या सारातोवचा. वडील नदीवरच्या बोटीत खलाशी. घरात वाद्याचं नाव नाही. शेजारच्या विधवा बाईंकडे नवऱ्याचा चेलो धूळ खात पडला होता. तो हलवून ठेवायला म्हणून ग्लेब गेला आणि तिथेच बसला. पुढे लेनिनग्राडला शिकला, एका नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात मागच्या रांगेतून पुढच्या रांगेत आला आणि चाळिशीच्या आत उरल डोंगराकडच्या एका शहरात स्वतःचा वाद्यवृंद चालवू लागला. दिवस बरे चालले होते. मग त्याच्या बासरीवाल्याने देश सोडायची परवानगी मागितली. झालं! सभा भरली. "हा माणूस गद्दार आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा." सगळ्यांनी केले, बासरीवाल्याच्या सख्ख्या मित्रांनीही केले. ज्याचा धंदाच हात वर करायचा, त्या ग्लेबने मात्र दोन्ही हात खिशात ठेवले. आधी वाद्यवृंद गेला, मग शिकवणं गेलं, आणि दोन हिवाळे घरी बसवल्यावर सांगण्यात आलं की आता जा, आणि परत येऊ नका.

तेव्हापासून चालूच होतं. व्हिएन्नात त्याला कोणी विचारलं नाही. ग्रात्सला जागा मिळाली, पण तिथल्या मुख्याध्यापकांशी वाजलं. हॅम्बुर्गची हवा सोसली नाही. डेन्मार्कमध्ये आरहूसला दीड वर्ष छान गेलं आणि मग एका तालमीत त्याने वाद्यवृंदाला इशारे द्यायची छडी मोडली. "हे लोक वाजवत नाहीत, पळतात," असं म्हणून तो घरी आला आणि ताइसियाने खोकी बांधायला काढली. खोकी बांधणं, घरमालकांना सांगणं, वीज बंद करायला फोन करणं ही सगळी तिची कामं. तो तोवर खिडकीशी उभा राहून नव्या गावाबद्दल बोलत राहायचा. तिथली माणसं नेहमी शहाणी असायची.

आणि आता स्वीडनच्या पूर्व किनाऱ्यावरचं हे ओस्टरहाम्न. एक बंदर, एक सॉ मिल, एक शाळा आणि गावातल्या हौशी लोकांचा वाद्यवृंद. दोन वर्षं होत आली होती. पण ह्या वेळी ताइसियाला हलायचं नव्हतं. तिला शाळेच्या स्वयंपाकघरात काम मिळालं होतं. गावाबाहेर तिने मळ्याचा एक तुकडा भाड्याने घेऊन काळ्या करवंदांसारखी आंबट फळं धरणारी झुडपं लावली होती. पडद्यांना तिने प्रथमच नीट शिवण घातली होती, नाही तर एरवी टाचण्याच असायच्या.

ग्लेबला मात्र पहिल्या दिवसापासून इथलं काही ना काही टोचत होतं. वाद्यवृंदाचा अध्यक्ष राग्नवाल्ड ओडमान. सॉ मिलमध्ये लाकडाची प्रत ठरवायचा आणि संध्याकाळी हॉर्न वाजवायचा. स्टेशनवर घ्यायला आला तो ग्लेबचा दंड धरून म्हणाला, "काय रे ग्लेब, दमलास का?"

"मला 'अरे' म्हणतो!" ग्लेबने घरी येऊन कोट फेकला. "वीस वर्षं ज्याच्याबरोबर वाजवलं तोही मला मानाने ग्लेब अर्काद्येविच म्हणायचा!"

"इथे सगळे सगळ्यांना अरे-तुरेच म्हणतात," ताइसिया म्हणाली. "पंतप्रधानांनासुद्धा."

"मग पंतप्रधानांनी वाजवावं ह्यांच्यापुढे!"

दुसरं कॉफीचं. साडेसात वाजले की सूर अर्ध्यावर टाकून मंडळी उठायची, डबे उघडायची, आणि दालचिनीच्या पावाचा वास सभागृहभर पसरायचा. ग्लेब तेवढा वेळ छडी हातात घेऊन खुर्च्यांमधून फिरत राही.

पण खरं दुखणं निराळंच होतं. मंडळी त्याच्या आधी सुरू करायची. तो छडी उचलतो न उचलतो तोच निम्मे लोक वाजवायला लागत. मग बाकीचे दचकून मागून येत.

"थांबा! कोणी सांगितलं सुरू करायला?"

"तूच की," राग्नवाल्ड हॉर्न खाली करून म्हणे.

"मी? मी तोंड तरी उघडलं का?"

"उघडलंस."

इतक्या शांतपणे तोंडावर खोटं बोलणारा माणूस ग्लेबने सभा सोडल्या तर कुठे पाहिला नव्हता. आणि ही माणसं भांडायलाही तयार नसत. तो ओरडला की खाली बघत, पान उलटत, पुन्हा तेच करत. ताइसिया तालमींना जायची नाही. तिला कळायचं ते त्याच्याच तोंडून. आरहूसच्या वेळी ऐकलेलीच वाक्यं पुन्हा ऐकू यायला लागली, तशी ती मनातून धसकली.

वसंतातल्या मैफलीची शेवटची तालीम शुक्रवारी होती. एक जुनी सिंफनी होती, जिची सुरुवात इतकी हळू आणि इतकी मंद की सगळ्यांनी एका श्वासात शिरलं तरच ती सुरुवात. नाही तर नुसता गलका. त्या संध्याकाळी गलकाच झाला, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. ग्लेब छडी ठेवून निघून आला. कोटसुद्धा न काढता त्याने अँटवर्पला फोन लावला. तिथे त्याचा लेनिनग्राडचा मित्र व्हेनिअमिन होता. तो कधीचा मागे लागला होता, की आमच्या संगीतशाळेत चेलो शिकवायला ये, सोमवारपर्यंत कळव.

"व्हेन्या, मला धरून चाल," ग्लेब म्हणाला. "जवळजवळ येतोयच मी. सोमवारी पक्कं सांगतो."

फोन ठेवून तो वळला तर ताइसिया दारात उभी.

"तू जा," ती म्हणाली. "मी येणार नाही."

"ताया, मस्करी करू नकोस."

"मस्करी मी रशियनमध्ये करते."

तेव्हा त्याच्या लक्षात आलं, ती दोन्ही वाक्यं स्वीडिशमध्ये बोलली होती. घरात ती भाषा त्यांनी कधी आणलीच नव्हती. तो काही तरी बोलायला गेला, पण ती दिवा मालवून आत निघून गेली. तो दिवाणखान्यात चालत राहिला. टेबल खिडकीपासून भिंतीशी नेलं, पुन्हा खिडकीशी आणलं.

शनिवारी सकाळी शाळेच्या स्वयंपाकघरात मैफलीसाठी सॅंडविच करायचं काम होतं. स्वयंपाकघराची मुख्य माय-लिस. जाडजूड, ठसक्याची बाई, आणि वाद्यवृंदात पहिलं व्हायोलिन तिचंच. ती पाव कापत होती, ताइसिया लोणी लावत होती. मध्येच माय-लिसने सुरी थांबवली.

"ताया, खरं सांग. घरी तुलाही तो असाच पिटाळतो का?"

"कोण पिटाळतो?"

"ग्लेब गं. आमच्यात त्याला काय म्हणतात, सांगू? रागावायचं नाही पण. आत्तासाहेब."

"आत्तासाहेब?"

"मग काय! सारखं आपलं आत्ता, आत्ता! छडी घेतली की आत्ता. पान उलटलं की आत्ता. आम्ही जीव मुठीत धरून सुरू करतो, तर ओरडतो, कोणी सांगितलं! परवा खुर्चीवर बसतानासुद्धा 'आत्ता' म्हणाला आणि बसला. माझी बहीण म्हणते, त्यांच्या देशात सगळं हुकमावर चालत असेल."

ताइसियाच्या हातातली सुरी लोण्यात तशीच राहिली. "कसं म्हणतो? म्हणून दाखव बघू."

माय-लिसने खांदे उंचावले, मान पुढे काढली, चष्म्यावरून बघितलं. हुबेहूब ग्लेब! आणि नाकातून लांबवून म्हणाली, "नू..."

ताइसिया बटाट्याच्या पोत्यावर मट्‌कन बसली.

रशियन माणसाचं 'नू' म्हणजे आपलं 'हं', 'बरं', 'तर मग'. म्हटलं तर काही नाही. विचार चालू असताना तोंडातून निघणारी वाफ ती. 'थांबा, मी अजून ठरवतोय' एवढंच त्यात असतं. आणि स्वीडिश 'नू' म्हणजे आत्ता, ह्या क्षणी, हल! ताइसियाला दोन्ही येत होते. ह्याच स्वयंपाकघरात रोज माय-लिस 'नू!' म्हणाली की ती बटाट्याचं पातेलं उतरवायची, आणि संध्याकाळी घरी ग्लेबचं 'नू...' ऐकत निवांत विणत बसायची. पण एक शब्द कामावरच्या एप्रनच्या खिशात राहिला आणि दुसरा घरच्या. दोन्ही एकदम काढून समोरासमोर ठेवावेत, असं कधी झालंच नव्हतं.

तिने सांगितलं तशी माय-लिस इतकी हसली की तिला भिंतीला धरावं लागलं. ताइसियाही हसत होती, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मग तिला आठवलं, डेन्मार्कमध्येही हाच शब्द आहे आणि अर्थही हाच. आरहूसची ती मोडलेली छडी आठवली, आणि तिचं हसू थांबलं.

घरी आल्यावर तिने त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही.

"मी असं काहीही म्हणत नाही," सगळं ऐकून तो म्हणाला. "माझ्या तालमीत पूर्ण शांतता असते."

"म्हणतोस, ग्लेब. आयुष्यभर म्हणत आलायस."

"नू, समजा म्हणत असेन..."

तो थांबला. हात आपोआप तोंडावर गेला. खोलीत काही क्षण कोणीच हललं नाही, आणि ग्लेबच्या बाबतीत ही गोष्ट नवीनच होती. मग तो हळूहळू म्हणाला, "म्हणजे राग्नवाल्ड खरं बोलत होता."

"हो."

"आणि मी त्याला दोन वर्षं..." त्याने वाक्य सोडून दिलं. टोपी घेतली आणि बंदराकडे निघून गेला. अंधार पडायच्या आत आला. जेवताना एकदाही उठला नाही, त्यामुळे ताइसियालाच घास गोड लागेना. अँटवर्पबद्दल तो काही बोलला नाही, तिनेही विचारलं नाही. तिने आपलं वाक्य बोलून ठेवलं होतं, ते तिला मागे घ्यायचं नव्हतं.

रविवारी दुपारी चारला गावचं सभागृह भरलं. सॉ मिलची माणसं ठेवणीतल्या कोटात, बायका मुलाबाळांसह, अगदी मागे बंदरावरचे दोघे-तिघे उभे. ताइसिया पाचव्या रांगेत होती. मांडीवर तिने पर्स ठेवली होती, ती सारखी उघडत होती, मिटत होती.

ग्लेब आला. वाकला. वळला. छडी वर गेली. धनुकल्या तारांवर आल्या. सभागृह चिडीचूप झालं.

"नू," ग्लेब म्हणाला. पुटपुटला नव्हता, स्पष्ट, खणखणीत म्हणाला होता. पाचव्या रांगेत ऐकू आलं.

काहीच वाजलं नाही.

त्याची छडी वर तशीच होती. "नू!" तो पुन्हा म्हणाला, जरा जोरात.

माय-लिस त्याच्याकडे बघत होती, फार मायेने, आजारी माणसाकडे बघावं तशी. राग्नवाल्डने हॉर्नमागून मान हलवली: घे, वेळ घे, काही घाई नाही. सगळे हसऱ्या चेहऱ्याने थांबले होते. कोणाची धनुकली केसभर हलत नव्हती. ग्लेबच्या मानेवरून घाम उतरायला लागला. मागे कोणी तरी खाकरलं. एका बाळाने विचारलं, "आई, संपलं?"

ताइसियाला सगळं एका क्षणात दिसलं. काल दुपारी माय-लिसने घरोघर फोन केले असणार. ह्यांनी कॉफी पीत ठरवलं असणार, की बिचारा नुसता विचार करत असतो, तो 'नू' म्हणाला तरी सुरू करायचं नाही. त्याला लाज वाटू नये म्हणून सांगायचंही नाही. आणि त्या बाजूला ग्लेबने बंदरावर फिरताना ठरवलं असणार, की ह्यांचा 'नू' ह्यांना द्यायचा, ह्यांच्याच अर्थाने, शेवटचं एकदा तरी. दोन्हीकडचे लोक एकमेकांसाठी वाट सोडून उभे होते, आणि वाटेवर कोणीच नव्हतं.

त्याचे खांदे तिला पाठमोरे ओळखता येत होते. आरहूसला छडी मोडायच्या आधी ते असेच कानांपर्यंत चढले होते. आता तो वळेल. वळला की सरळ दारातून बाहेर, तिथून स्टेशन.

ती उठून उभी राहिली. भरल्या सभागृहात, पाचव्या रांगेत, पर्स खाली पडली तरी.

"हात, ग्लेब!" ती रशियनमध्ये ओरडली. "हात खाली आण! ते हाताची वाट बघतायत!"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. ग्लेबची नाही. त्याचे खांदे एक क्षण तसेच राहिले, मग उतरले, अगदी हळू. आणि त्याने हात खाली आणला.

मंडळी शिरली. एका श्वासात, एका अंगाने. असा सूर ह्या सभागृहात ह्याआधी निघाला नव्हता, हे बंदरावरच्या उभ्या माणसांनाही कळलं असावं, कारण त्यांनी टोप्या काढल्या. ताइसिया खाली बसली. शेजारच्या म्हाताऱ्याने तिची पर्स उचलून दिली आणि विचारलं, "तुमच्याकडे असंच सुरू करतात का?"

"हो," ताइसिया म्हणाली.

पुढे एक-दोनदा गडबड झाली. बासून नावाची लांब पिपाणी वाजवणारा, तो बासूनवाला, एके ठिकाणी हरवला आणि दोन पानांनंतर सापडला. पण लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

नंतर कॉफी. ताइसिया किटली घेऊन फिरत होती. ग्लेब आणि राग्नवाल्ड एका कोपऱ्यात उभे होते, आणि तिचे पाय आपोआप तिकडे वळले.

"आम्ही ठराव केला होता," राग्नवाल्ड सांगत होता. "एकमताने. हात पडेपर्यंत हलायचं नाही."

"आणि मी ठरवलं होतं," ग्लेब म्हणाला, "की तुम्हाला तुमच्या भाषेत सांगायचं." त्याचा चेहरा लाल होता. "राग्नवाल्ड, मी तुला खोटारडा समजत होतो."

"माहितेय. आम्ही तुला चक्रम समजत होतो." राग्नवाल्डने कप पुढे केला, ताइसियाने ओतली. "तर मग, शरदात काय वाजवायचं?"

किटली धरलेला तिचा हात थांबला. ग्लेब तिच्याकडे बघत नव्हता. तो खिशात काही तरी चाचपत होता. छडी, किल्ली, काहीच नाही.

"तो बासूनवाला," तो अखेर म्हणाला. "तुमच्याकडे तो एकच आहे?"

"एकच. आणि ऑक्टोबरात तोही नसतो. एल्कच्या शिकारीला जातात ना सगळे."

"ऑक्टोबरात? तालमी सोडून?"

"शिकार आहे रे, ग्लेब."

"मग त्याला सांग, ह्या वर्षी जायचं नाही!"

"मी नाही सांगणार बाबा. बंदूक त्याच्याकडे असते. तू सांग."

"सांगतो! कुठे राहतो तो? आज आहे का घरी?" ग्लेबने कप कुठे तरी ठेवला आणि गर्दीतून बासूनवाल्याला शोधायला निघालाही. राग्नवाल्ड त्याच्यामागे बघत राहिला.

"ताया," तो म्हणाला, "कॉफी खाली सांडतेय."

सोमवारी सकाळी ती कामावर जायला बूट घालत होती. ग्लेब घरातल्या बोळात फोनपाशी उभा होता. फोनकडे बघत होता, तिच्याकडे बघत होता.

"तू लावून देतेस का?" त्याने विचारलं. "तू कसं नीट सांगतेस."

"आजवर मी सांगितलं, ते आपण जातोय हे," ती म्हणाली. "हे तुझं तू सांग."

त्याने आकडे फिरवले. पलीकडे घंटी वाजायला लागली तसा तो चालू लागला. तार संपेपर्यंत स्वयंपाकघराकडे, मग उलट दाराकडे.

"व्हेन्या? मी ग्लेब. ऐक... नाही, आजारी नाही. नाही, अरे, तुमचा पगार चांगलाच आहे... ऐकून तर घे! मी येत नाही." पलीकडून आवाज चढला. ताइसियाला दारापर्यंत ऐकू आला. "हो, बायको नाही म्हणते. नाही, तेवढंच नाही... काय सांगू तुला! मी दोन वर्षं ह्यांच्यावर उगाच ओरडलो रे. आता निघून गेलो तर ह्यांना वाटेल, खरंच रागावून गेला." मग एकदम तावातावाने म्हणाला, "ते सोड. तुझ्या ओळखीत कोणी बासूनवाला आहे का? शिकारीला न जाणारा?"

त्याने तिच्याकडे बघून हाताने खूण केली: जा, उशीर होतोय तुला. ती जिना उतरायला लागली. खालच्या वळणापर्यंत त्याच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या, फोनच्या तारेएवढ्या, तिकडून इकडे, इकडून तिकडे.